ड्रायव्हरचा भूतकाळ कुठल्या खोक्यात असतो?

२१ जून २०१९. अमेरिकेच्या ईशान्येला न्यू हॅम्पशायर नावाचं लहानसं डोंगराळ राज्य आहे. तिथल्या रँडॉल्फ गावाजवळून संध्याकाळच्या वेळी मोटरसायकलींचा एक जथा चालला होता. बरेचसे जण मरीन दलातून निवृत्त झालेले सैनिक, काहींच्या मागे बायको बसलेली. समोरून एक पिकअप ट्रक आला. त्याच्या मागे गाड्या वाहून नेण्याचा रिकामा ट्रेलर जोडलेला होता. धडक झाली आणि सात माणसं गेली.

ट्रक चालवणारा पोरगा २३ वर्षांचा होता. त्या कंपनीत लागून त्याला मोजके दिवस झाले होते. त्याच्याबद्दल लगेच बाहेर आलेली माहिती अशी : जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी, मे महिन्यात, कनेक्टिकट राज्यात पोलिसांनी त्याला नशेत गाडी चालवल्याच्या आरोपाखाली पकडलं होतं. त्यानं चाचणी द्यायला नकार दिला होता. त्याचं लायसन्स शेजारच्या मॅसॅच्युसेट्सचं. कनेक्टिकटनं मॅसॅच्युसेट्सला तसं कळवलंही होतं. कायद्याप्रमाणे ट्रकचं लायसन्स तिथल्या तिथे निलंबित व्हायला हवं होतं. झालं नाही.

का नाही झालं, याची चौकशी सुरू झाली तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या परिवहन कार्यालयात (आपल्या आरटीओचा भाऊबंद समजा) खोकीच्या खोकी सापडली. दुसऱ्या राज्यांनी पाठवलेल्या नोटिसांची. तुमच्या राज्याचा अमुक ड्रायव्हर आमच्याकडे दारू पिऊन सापडला, तमुक ड्रायव्हरचा आम्ही परवाना रोखला, अशी हजारो पत्रं. वर्षाहून जास्त काळ ती कुणी उघडून नोंदवलीच नव्हती. कनेक्टिकटचा संदेश संगणकानं आला होता, पण तोही माणसानं बघायच्या रांगेत तसाच पडून होता. कार्यालयाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. मग घाईघाईनं खोकी उपसली गेली आणि त्यातून दीड हजारांहून जास्त चालकांची लायसन्सं निलंबित झाली. हे सगळे तोवर आरामात गाडी चालवत होते.

ही बातमी वाचली तेव्हा मला अपघातापेक्षा ती खोकीच जास्त आठवत राहिली. कारण खराब रेकॉर्ड असलेला माणूस ट्रकवर कसा लागतो, या प्रश्नाचं सरळ उत्तर त्यात होतं. रेकॉर्ड होतं, फक्त ते योग्य टेबलावर पोचलं नव्हतं. पण मग वाटलं, हे ‘रेकॉर्ड’ नावाचं प्रकरण आलं कुठून? ड्रायव्हरनं मागे काय केलं हे कुणीतरी लिहून ठेवायचं, आणि पुढच्या मालकानं ते वाचून त्याला घ्यायचं की नाही ते ठरवायचं, ही पद्धत कुणी पाडली? आणि त्यात नेमकं काय लिहिलं जातं?

घोडे हाकणाऱ्यांचे दिवस

१९०३ साली अमेरिकेत दोन गोष्टी झाल्या, एकमेकींशी काही संबंध नसलेल्या. मॅसॅच्युसेट्स आणि मिसूरी या राज्यांनी गाडी चालवायला लायसन्स हवं असं ठरवलं. आणि घोडागाड्या हाकणाऱ्यांची ‘टीमस्टर्स’ ही संघटना उभी राहिली. टीम म्हणजे घोड्यांची जोडी, ती हाकणारा तो टीमस्टर. घोडे गेले, ट्रक आले, नाव तेच राहिलं.

सुरुवातीची लायसन्सं म्हणजे पैसे भरल्याची पावतीच होती. परीक्षा वगैरे भानगडी बऱ्याच राज्यांत नंतर आल्या. साउथ डकोटानं तर १९५४पर्यंत लायसन्सच मागितलं नाही. त्यामुळे लायसन्सवरून ड्रायव्हर कसा आहे ते कळायचा प्रश्नच नव्हता. ते कळायचं माणसांकडून. गोदामाचा मुकादम, युनियनचा पदाधिकारी, आधीचा मालक. अमका चांगला आहे, घ्या; तमका बाटलीवाला आहे, नको.

१९३५च्या मोटर कॅरिअर कायद्यानं या धंद्याला कुंपण घातलं. राज्याराज्यांतून माल कुणी न्यायचा, कोणत्या मार्गानं न्यायचा, भाडं काय घ्यायचं, सगळं एक सरकारी आयोग ठरवणार. नव्या कंपनीला परवाना मिळणं मुश्कील, आणि ज्यांना होता त्यांची चांदी. या सुरक्षित नफ्यातला वाटा टीमस्टर्सनं ड्रायव्हरांसाठी ओढून घेतला. १९६४ साली जिमी हॉफानं देशभरच्या ट्रक कंपन्यांशी एकच वेतन करार केला, त्यात चार लाखांवर कामगार आले. एकदा चांगल्या कंपनीत चिकटलं की निवृत्तीपर्यंत तिथंच. नोकरी बदलायचीच नाही, तर मागचं रेकॉर्ड विचारणार कोण? ड्रायव्हरची कुंडली एकाच कंपनीच्या कपाटात असायची.

यावरून जुना काळ सोन्याचा होता असं वाटेल. त्यासाठी १९७७ सालचा एक खटला बघावा. टी.आय.एम.ई.-डी.सी. ही देशभर माल वाहणारी कंपनी. सरकारनं तिच्यावर आणि टीमस्टर्सवर भेदभावाचा खटला भरला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आकडे आहेत. लांब पल्ल्याचे १,८२८ ड्रायव्हर. त्यांत काळे ८ आणि स्पॅनिश आडनावांचे ५. ते आठही काळे ड्रायव्हर खटला सुरू झाल्यानंतर घेतलेले. त्याआधी, एक अपवाद वगळता, कंपनीनं १९६९पर्यंत लांब पल्ल्याच्या ट्रकवर एकाही काळ्या माणसाला कायम नोकरी दिली नव्हती. गावातल्या गावात माल पोचवायला, ट्रक धुवायला मात्र घेतलं होतं. लांब पल्ल्याचा पगार सगळ्यात चांगला, म्हणून तो राखून ठेवलेला. म्हणजे एखाद्या काळ्या ड्रायव्हरनं वीस वर्षं एकही ओरखडा न पाडता ट्रक चालवला असेल, तरी ते रेकॉर्ड वाचणारं कुणी नव्हतं. ओळखीवर चालणाऱ्या भरतीची ही दुसरी बाजू.

खिशातली पाच लायसन्सं

१९५६नंतर आंतरराज्य महामार्ग बांधायला सुरुवात झाली आणि ट्रक एका दिवसात तीन-तीन राज्यं ओलांडू लागले. लायसन्स मात्र राज्याचंच. कॅन्ससमध्ये वेगाबद्दल पावती फाटली तर ती कॅन्ससच्या दप्तरात. ड्रायव्हर मूळचा ओहायोचा असेल, तर ओहायोला पत्ताच नाही. एका राज्यानं लायसन्स काढून घेतलं, तर माणूस दुसऱ्या राज्यात जाऊन नवं काढायचा.

यावर उपाय म्हणून १९६० साली केंद्र सरकारनं नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर काढलं. दारू पिऊन चालवल्याबद्दल किंवा अपघातात जीव घेतल्याबद्दल ज्यांचं लायसन्स गेलं, त्यांची यादी वॉशिंग्टनमध्ये ठेवायची. राज्यानं नवं लायसन्स देण्याआधी पत्र पाठवून विचारायचं, हा माणूस तुमच्या यादीत आहे का? उत्तर टपालानं यायचं. तोवर माणूस लायसन्स घेऊन कामाला लागलेला. पुढच्याच वर्षापासून राज्यांनी आपसांत एक करारही सुरू केला. त्याचं ब्रीद होतं, एक चालक, एक लायसन्स, एक रेकॉर्ड. ऐकायला छान, पण सगळी राज्यं त्यात आलीच नाहीत, आणि आलेल्यांनीही तो कितपत पाळला ते २०१९च्या खोक्यांनी दाखवलंच.

आता इथे जरा थांबायला हवं. कारण खराब रेकॉर्ड तयार कसं होतं, हे बघायचं तर १९७४ सालासारखं दुसरं साल नाही.

आदल्या वर्षी अरब देशांनी तेल रोखलं होतं. पेट्रोल वाचवायला अध्यक्ष निक्सन यांनी जानेवारी १९७४मध्ये एका कायद्यावर सही केली : देशभर कमाल वेग ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर. मोकळ्या महामार्गावर तोवर सत्तरनं जायची सवय. कारवाल्याला वैताग आला, पण त्याचं उत्पन्न काही कमी झालं नाही. ट्रकवाल्याचं झालं. कारण लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला पगार तासावर नाही, मैलावर मिळतो. त्या काळच्या नियमानं सलग दहा तास चालवता यायचं. सत्तरच्या वेगानं दहा तासांत ७०० मैल, पंचावन्ननं ५५०. हा कागदावरचा हिशेब, पण त्यातून चित्र कळतं. एका सहीनं रोजच्या कमाईतला पाचवा हिस्सा गेला, वर डिझेल महाग झालं. ओव्हरटाइम? १९३८च्या कामगार कायद्यानं देशाला ओव्हरटाइम दिला, तेव्हा ट्रक ड्रायव्हरांना त्यातून वगळलं. ते आजही वगळलेलेच आहेत.

मग ड्रायव्हरनं काय करावं? १९७३च्या डिसेंबरात आणि पुढच्या फेब्रुवारीत त्यांनी ट्रक आडवे लावून रस्ते बंद केले. ते संपल्यावर बहुतेकांनी जे करायचं तेच केलं, वेगानं गाडी हाणली. पुढे पोलीस उभा आहे हे एकमेकांना सांगायला केबिनमध्ये सीबी रेडिओ बसवले. त्यावर एक अख्खी भाषा तयार झाली, पोलिसाला ‘स्मोकी’ म्हणायचे. हॉलिवूडला हा मसाला इतका आवडला की १९७७ आणि १९७८ साली त्यावर दोन गाजलेले सिनेमे निघाले. पडद्यावर ट्रकवाला बंडखोर हिरो होता. रस्त्यावर तो मैलांचा हिशेब जुळवत होता.

आणि पावत्या फाटतच होत्या. त्यावरचा तोडगा खिशात होता. दोन, तीन, कुणाकडे पाच राज्यांची लायसन्सं. ज्या राज्यात पकडलं त्यानुसार, किंवा ज्या लायसन्सवर आधीच डाग कमी आहेत त्यानुसार, एक काढून पोलिसाच्या हातावर ठेवायचं. पत्त्याच्या डावात हलकं पान टाकावं तसं. डाग सगळ्या लायसन्सांवर थोडेथोडे विखुरले जायचे आणि कुठलंच एक लायसन्स रद्द होण्याइतकं मळायचं नाही. नव्या मालकाला दाखवायला एक कोरं राखून ठेवायचं. कामाचे तास लिहायच्या सरकारी वहीला ड्रायव्हर गमतीनं ‘कॉमिक बुक’ म्हणायचे. चित्रकथेइतकीच खरी, म्हणून. थोडक्यात, ड्रायव्हरकडे स्वतःचा भूतकाळ लिहायची थोडी मुभा होती.

यात हसण्यासारखं बरंच आहे, पण सगळं नाही. त्याच पाच लायसन्सांच्या आड अट्टल दारुडाही लपत होता. चाळीस टनांच्या आसपासचा ट्रक आहे हा. आणि तेव्हा अनेक राज्यांत साध्या कारच्या लायसन्सवर असा ट्रक चालवता यायचा, वेगळी परीक्षाच नव्हती.

कुंपण पाडलं, फाइल उघडली

१ जुलै १९८० रोजी अध्यक्ष कार्टर यांनी १९३५चं कुंपण पाडलं. कुणीही परवाना काढा, हवं ते भाडं लावा. दहा वर्षांत परवानाधारक कंपन्या दुपटीवर जाऊन चाळीस हजारांपलीकडे पोचल्या. भाडी कोसळली. वाणसामान, टीव्ही, फर्निचर सगळं स्वस्त झालं, गिऱ्हाईक खूश. जुन्या युनियनवाल्या कंपन्या एकामागून एक बुडाल्या. कामगार अर्थतज्ज्ञ मायकल बेल्झर यांनी २०००मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘स्वेटशॉप्स ऑन व्हील्स’. म्हणजे चाकांवरचे पिळवणुकीचे कारखाने.

जन्मभराची नोकरी गेली आणि तिच्या जागी आली ये-जा. मोठ्या लांब पल्ल्याच्या कंपन्यांत वर्षाला शंभर टक्क्यांच्या आसपास ड्रायव्हर बदलणं हे पुढे नेहमीचं होऊन बसलं. हजार ड्रायव्हरांच्या कंपनीनं वर्षात हजार नवे घ्यायचे, असा त्याचा अर्थ. एवढ्या अनोळखी माणसांना तुम्ही लाखो डॉलरचा माल देणार. मुकादमाची ओळख इथे पुरत नाही. कागद लागतो.

तो कागद दोन दिशांनी आला. एक सरकारकडून. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी अध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्यानं ठरवलं की १ जुलै १९८७पासून ट्रक ड्रायव्हरनं एकच लायसन्स बाळगायचं. खिशातला पत्त्यांचा डाव तिथे संपला. १ एप्रिल १९९२पर्यंत प्रत्येकानं वेगळी परीक्षा देऊन व्यावसायिक लायसन्स, सीडीएल, घ्यायचं होतं. सगळी राज्यं एका संगणकाला जोडली गेली. नियम स्पष्ट होते. तीन वर्षांत दोन गंभीर गुन्हे, जसं मर्यादेपेक्षा १५ मैल वेग, तर ६० दिवस घरी. तीन झाले तर १२० दिवस. दारू पिऊन सापडला तर एक वर्ष. पुन्हा सापडला तर जन्मभर बंदी. दहा वर्षांनी राज्याला वाटलं तर एक संधी. १९९९च्या कायद्यानं आणखी एक फट बुजवली. गुन्हा कबूल करून एखादा वर्ग करायचा आणि नोंद पुसून घ्यायची, ही सोय सीडीएलवाल्यांसाठी बंद झाली. कारवाल्यांसाठी ती अनेक राज्यांत अजून चालू आहे.

दुसरी दिशा खासगी होती आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात डॅक नावाची एक कंपनी निघाली. ती ट्रक कंपन्यांकडून माहिती गोळा करायची : हा ड्रायव्हर तुमच्याकडून का गेला, अपघात किती, काम कसं, परत घ्याल का. दुसरी कंपनी ड्रायव्हर घेताना पैसे भरून ही माहिती मागवायची. पुढे मालक बदलले, नाव बदललं, पण ड्रायव्हर लोक अजूनही त्या अहवालाला ‘माझा डॅक’ म्हणतात. शाळेच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ नावाचा रकाना असतो ना, तसंच. फक्त इथे तो रकाना तुम्ही ज्याच्याशी भांडून बाहेर पडलात तो भरतो.

समजा, तुम्ही घरापासून अडीच हजार किलोमीटरवर आहात. तीन आठवडे घरी गेलेला नाहीत. कंपनीनं शनिवारी घरी पोचवायचं कबूल केलं होतं आणि आता उलट्या दिशेची खेप दिली. तुम्ही वैतागून जवळच्या ट्रक थांब्यावर गाडी लावता, किल्ली ठेवता, बस पकडून घरी जाता. कंपनी अहवालात लिहिते, ट्रक टाकून गेला. ही नोंद दारू पिऊन सापडण्याच्या खालोखाल वाईट. कुणी मेलं नाही, ओरखडाही पडला नाही, पण पुढची कित्येक वर्षं फोन उचलणारा भरतीवाला ती ओळ वाचतो आणि ‘कळवतो’ म्हणतो. कंपनी कबूल करून फिरली, हे लिहायला त्यात जागा नाही.

याविरुद्ध दाद मागायला कायदा आहे. १९७०चा पत-अहवालांचा कायदा इथेही लागू होतो. अहवालाची प्रत मागता येते, चूक असेल तर आक्षेप घेता येतो. ट्रकमालक-चालकांची संघटना या अहवालांतल्या शेऱ्यांविरुद्ध कोर्टातही गेली; २००८मध्ये अपिलात हरली. २००४पासून मात्र जुन्या मालकानं अपघात आणि नशाचाचणीची माहिती तीस दिवसांत द्यायची सक्ती झाली आणि ड्रायव्हरला ती बघून खुलासा जोडायचा हक्क मिळाला. खुलासा वाचलाच पाहिजे अशी सक्ती कुणावर करणार?

आपल्याकडचं लाल पुस्तक

मराठी वाचकाला हे सगळं वाचून आपल्याकडचं आठवल्याशिवाय राहणार नाही. जुनं पुस्तकासारखं लायसन्स ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत असेल, गुन्ह्याची नोंद त्याच्याच पानांवर व्हायची. पुस्तक हरवलं की नोंद हरवली. एका माणसानं एकच लायसन्स बाळगायचं हे आपल्याही १९८८च्या मोटार वाहन कायद्यात आहे. तरी देशातली जवळपास तीस टक्के लायसन्सं बोगस आहेत, असं नितीन गडकरी परिवहन मंत्री झाल्यावर अनेकदा जाहीरपणे म्हणाले. २०१९च्या दुरुस्तीनं देशभराचं एक लायसन्स रजिस्टर कायद्यात आलं. म्हणजे अमेरिकेनं १९६० ते १९८६ या काळात जी वाट तुडवली, तिच्यावर आपण आत्ता आहोत. भरती मात्र अजून बरीचशी क्लीनर म्हणून सुरुवात करणं, उस्तादानं शब्द टाकणं, गाववाल्यानं ओळख देणं यावरच होते. आपल्या इथल्या १,८२८ ड्रायव्हरांची जात-गावनिहाय मोजणी कुठल्या कोर्टानं केली तर काय दिसेल, हा विचार मनात येतो. असो, तो वेगळा लेख आहे.

तरी नोकरी मिळतेच

अमेरिकेत एवढी कडक व्यवस्था झाल्यावर खराब रेकॉर्डवाला ट्रकवर लागत नसेल? लागतो. रोज लागतो.

नियमाप्रमाणे कंपनीला मागच्या तीन वर्षांचं सरकारी रेकॉर्ड काढावं लागतं. अर्जात ड्रायव्हरला तीन वर्षांतले अपघात आणि गुन्हे स्वतः लिहावे लागतात, आणि सीडीएलच्या कामासाठी दहा वर्षांच्या नोकऱ्यांचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून साध्या वेगाच्या पावत्यांवर सगळ्यात जुनं औषध म्हणजे वेळ. तीन वर्षं गप्प काढायची. मधल्या काळात लहान गाडी चालवा, गोदामात काम करा, बांधकामाचा डंपर हाका. जाणते ड्रायव्हर नव्यांना एक गोष्ट बजावून सांगतात : जे झालंय ते अर्जात लिही. दोन पावत्या असलेला माणूस घेतला जातो, दोन पावत्या लपवलेला घेतला जात नाही. पाच लायसन्सांच्या काळातली अक्कल इथे बरोबर उलटी फिरलेली आहे.

खरा दरवान मात्र सरकार नाही, विमा कंपनी आहे. १९८०च्या कायद्यानं कुंपण पाडताना एक अट घातली होती, की साध्या मालाच्या ट्रकलाही किमान साडेसात लाख डॉलरचा दायित्व विमा हवा. गंमत म्हणजे तो आकडा आजतागायत तोच आहे. पण कोर्टांनी द्यायला लावलेल्या भरपाया वाढत गेल्या, तसे विमावाले निवडक झाले. तीन वर्षांत इतके अपघात, इतक्या पावत्या, याहून जास्त असेल तर हा ड्रायव्हर आमच्या पॉलिसीत नको. सरकारनं चालवायला परवानगी दिलेला माणूस विमावाल्याच्या तक्त्यात बसत नाही म्हणून घरी बसतो.

मोठी कंपनी नाही म्हणते तेव्हा छोटी ‘ये’ म्हणते. किंवा अशी मोठी, जिच्याकडे निम्मे ट्रक ड्रायव्हरविना उभे आहेत. ड्रायव्हरांचा तुटवडा आहे असं तिथला उद्योग वर्षानुवर्षं सांगतोय. समाजशास्त्रज्ञ स्टीव्ह व्हिसेली यांनी स्वतः सीडीएल काढून लांब पल्ल्याचा ट्रक चालवला आणि २०१६मध्ये ‘द बिग रिग’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधारण असं, की तुटवडा माणसांचा नाही. टिकण्याजोग्या नोकरीचा आहे. मला ते पटतं. ज्याला कुणी घेत नाही त्याला जी कंपनी घेते, तिथे मैलाचा दर कमी असतो, घरी जाणं कमी असतं, आणि गोदामाच्या दारात माल उतरायची वाट बघत पाच-पाच तास काढले तर त्याचे पैसे बहुधा नसतात. चाक फिरलं तरच पैसा. मग ते पाच तास रस्त्यावर भरून काढायचा मोह होतो, आणि पुन्हा पावती. २०१७च्या डिसेंबरात कॉमिक बुकच्या जागी इंजिनाला जोडलेलं यंत्र आलं, ते चालवण्याचे तास सेकंदानं मोजतं. गोदामाच्या दारात गेलेल्या तासांचे पैसे द्यायची सक्ती त्यासोबत आली नाही.

आणि तरीही रँडॉल्फचे सात जण आहेत. हे सगळं लिहिताना ते मध्येमध्ये समोर येतात. मैलाच्या दराची, गोदामाच्या दाराची गोष्ट त्यांच्या घरच्यांना सांगून बघा. कनेक्टिकटचा तो एक संदेश वेळेत कुणी उघडला असता तर त्या संध्याकाळी तो ट्रक चालवायला तो माणूस नसता, एवढंच त्यांना दिसणार, आणि ते खरंच आहे. टल्साच्या फाइलीत एखाद्याचं पोट अडकतं म्हणून फाइलच नको, असं मी त्यांच्यासमोर म्हणू शकणार नाही.

तो खटला २०२२च्या ऑगस्टमध्ये संपला. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं अपघाताचं कारण ट्रकचालकाच्या नशेत शोधलं होतं. बचाव पक्षाचं म्हणणं होतं की पुढचा मोटरसायकलस्वारच प्यायलेला होता. ज्यूरीनं ट्रकचालकाला निर्दोष सोडलं. एकाच संध्याकाळची दोन सरकारी दप्तरांत दोन वेगळी नोंद झाली.

तिसरं दप्तरही आहे. २०१०पासून केंद्र सरकार ट्रक ड्रायव्हरांचा एक अहवाल नोकरी देणाऱ्यांना विकतं, ड्रायव्हरच्या लेखी संमतीनं. त्यात पाच वर्षांतले अपघात आणि तीन वर्षांतल्या रस्त्यावरच्या तपासण्या असतात. चूक कुणाची होती ते न बघता अपघात त्यात चढतो. सिग्नलला उभ्या ट्रकवर मागून कुणी येऊन आदळला तरी. २०२०पासून काही ठरावीक प्रकारच्या अपघातांवर ‘टाळता येण्याजोगा नव्हता’ असा शेरा अर्ज करून मिळवता येतो. अपघाताची ओळ मात्र तिथेच राहते, पाच वर्षं. त्याच वर्षीच्या जानेवारीत नशाचाचणीत नापास झालेल्यांचं वेगळं राष्ट्रीय रजिस्टर सुरू झालं, आणि नोव्हेंबर २०२४पासून त्यात नाव असलेल्याचं सीडीएल राज्यानं काढून घ्यायचंच, असा नियम लागू झाला. त्याला आता खोक्यातल्या पत्राची वाट बघावी लागत नाही.

तो अहवाल ड्रायव्हरला स्वतःलाही काढता येतो. फी दहा डॉलर. नवीन ठिकाणी अर्ज करायच्या आधी बरेच जण तो काढून बघतात, रात्री ट्रक थांब्यावर गाडी लावून, मोबाइलवर. आपल्याविषयी तिथे काय लिहिलंय ते.